बोत्स्वाना की काँगो, हिरे तर दोघांकडेही होते

हिरे सापडले म्हणजे देशाचं नशीब उजळलं असं आपल्याला वाटतं, पण आफ्रिकेतले हे दोन देश शेजारी ठेवून बघा. बोत्स्वाना १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा अख्ख्या देशात डांबरी रस्ता जेमतेम १२ किलोमीटर, आणि पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामांनी जमिनीखालचं सगळं टोळ्यांचं नाही तर देशाचं असा कायदा केला, स्वतःच्या बामंग्वातो टोळीचाही हक्क सोडला, मला तर हाच सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. मग डी बीअर्स या हिरे कंपनीसोबत निम्मी-निम्मी भागीदारी, त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते.

काँगोकडे हिरे, तांबं, कोबाल्ट, काय नव्हतं? पण आधी बेल्जियमच्या राजा लिओपोल्डने रबरासाठी लोकांचे हात तोडायला लावले, १९६० ला स्वातंत्र्य मिळालं तर पहिले पंतप्रधान लुमुंबांना सातच महिन्यांत मारलं, आणि १९६५ पासून ३२ वर्षं हुकूमशहा मोबुटूची सत्ता. त्याने जंगलातल्या ग्बाडोलिटेला राजवाडे बांधले आणि काँकॉर्ड विमान उतरेल एवढी धावपट्टी, इकडे शिक्षकांना पगार नाही! वाचताना अक्षरशः राग येतो.

बोत्स्वानातही सगळं छान नाही हां, कलहारी वाळवंटातल्या सान या आदिवासी लोकांना त्यांच्याच जमिनीवरून हटवलं, कोर्टात जाऊन २००६ ला त्यांना परतायचा हक्क मिळवावा लागला. आता प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडलेत, तिजोरीला ताण आहे. तरी २०२४ ला ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला आणि राष्ट्राध्यक्षांनी हार मान्य करून शांतपणे खुर्ची सोडली.