दलाली दिली, पावती मागितली : सोलापुरातील एका मालमत्ता एजंटाचा सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

जुळे सोलापुरात आम्ही घेतलेल्या जुन्या टू बीएचके फ्लॅटचा व्यवहार ज्या एजंटाने जमवला, त्याच्याविषयी खरेदीखताच्या आठवड्यातच चार शब्द लिहावेत, असा त्याचा आग्रह होता. पेढा तोंडात असताना लिहिलेल्या अभिप्रायावर मी स्वतः कधी विश्वास ठेवत नाही, म्हणून थांबलो. आता त्या घरात राहून सात-आठ महिने होत आले, पाणीटंचाईचा एक उन्हाळाही तेथे काढून झाला. त्याला धनादेशाने दिलेल्या दलालीची पावती मात्र अद्याप माझ्या फाइलमध्ये नाही. तक्रार आणि कौतुक दोन्ही करायचे असल्यामुळे नाव देत नाही.

पावतीचा मुद्दा काहींना किरकोळ वाटेल. मला तो तसा वाटत नाही. एजंट दोन टक्के दलाली मागत होता, मी एक टक्क्यावर अडून बसलो आणि अखेर तेवढ्यावरच ठरले. पुढेमागे हा फ्लॅट विकावा लागला, तर घेताना दिलेली दलाली खरेदीच्या खर्चात धरता येते आणि तेवढ्या रकमेने भांडवली नफा कमी दाखवता येतो. मात्र त्यासाठी हातात कागद असावा लागतो. पैसे गेले एवढेच पासबुकात दिसते, ते कशापोटी गेले हे दिसत नाही. मी प्रथम पावती मागितली तेव्हा त्याने मला कॅलेंडर दिले. पुन्हा मागितली तेव्हा म्हणाला, "देतो की ओ सर, पावती कुठं पळून चाललीय?"

त्या कॅलेंडरवर तो स्वतः आहे. पांढऱ्या शुभ्र बाराबंदीत, मागे सिद्धेश्वरांचे मंदिर, बाजूला नंदीध्वजाची उंच काठी, आणि खाली त्याच्या छापील माहितीपत्रकातील तीच वाक्ये : पारदर्शकता, विश्वास, समाजऋण. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत असे फलक चौकाचौकांत लागतात आणि त्यांतील निम्मे तरी प्लॉट विकणाऱ्यांचे असतात, असे माझे जुने निरीक्षण आहे. त्यामुळे माहितीपत्रकातील त्याच्या सामाजिक कार्याचा परिच्छेद मी न वाचताच पान उलटले होते. पार्श्वभूमीचा परिच्छेद तेवढा वाचला : वडील पूर्व भागात यंत्रमागावर कामाला, घरात तेलुगू, शिक्षण मराठी शाळेत, आणि या धंद्यात येण्यापूर्वी काही वर्षे एका दस्तलेखकाच्या हाताखाली नोकरी. यांतील शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटली. ज्याने इतरांची खरेदीखते लिहून काढली आहेत, त्याला सूची क्रमांक दोनचा (नोंदणी झालेल्या दस्ताच्या सारांशाचा) उतारा वाचता येतो. सोलापुरात एजंट म्हणून फिरणाऱ्या अनेकांना तो फक्त झेरॉक्स करता येतो.

या व्यवहारातील जी गोष्ट मी विसरणार नाही, ती घडली विसार देण्याच्या बैठकीत. फ्लॅट ज्यांच्या नावावर होता ते गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले होते. विकणारे म्हणून त्यांची पत्नी आणि दोन मुलगे पुढे आले होते आणि वारसांच्या प्रतिज्ञापत्रात तिघांचीच नावे होती. माझ्या वकिलांनी मागील तीस वर्षांचा शोध अहवाल दिला होता आणि त्यात काहीही वावगे नव्हते. असणारही नव्हते, कारण नोंदणी कार्यालयातील शोधात दस्त सापडतात, न नोंदलेली मुलगी सापडत नाही. चहा झाला, मी चेकबुक काढले, आणि एवढ्यात आमच्या एजंटाने धाकट्या मुलाला कन्नडमध्ये सहज विचारावे तसे विचारले, की सहीला अक्का कधी येणार आहेत. थोरल्याने कप खाली ठेवला. आईने पदर सावरला आणि खिडकीकडे पाहिले. मला कन्नड बेताचीच समजते, परंतु एवढे समजायला ती पुरेशी होती.

बहीण कलबुर्गीला दिलेली होती. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता वारलेल्या पित्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगी तेव्हापासूनच मुलग्यांच्या बरोबरीची, पहिल्या वर्गाची वारस आहे. तिला वगळून खरेदीखत झाले असते, तर तिचा हिस्सा तिचाच राहिला असता आणि माझ्या आयुष्याची पुंजी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्यांवर पडली असती. मी विसार तेथेच थांबवला. पुढे ती आली, तिचा हिस्सा तिच्या नावाच्या धनादेशाने दिला गेला, आणि खरेदीखतात लिहून देणार म्हणून चौघांच्या सह्या झाल्या.

ही बहीण त्याला माहीत कशी? मी विचारले तेव्हा त्याने सांगितले, की वारलेले गृहस्थ यात्रेपूर्वी नंदीध्वज पेलण्याच्या सरावाला येऊन बसत असत, त्यांच्या अंत्यविधीला हा गेला होता, आणि तेथे सर्वांत मोठ्याने रडणारी ती होती. कॅलेंडरवरील बाराबंदीचा मला झालेला उपयोग तो हा. शहराच्या सार्वजनिक जीवनात उठबस असणे ही जाहिरात असेलही, परंतु मयताला जाणाऱ्या माणसाला कोणाच्या घरात किती वारस आहेत हे ठाऊक असते आणि या धंद्यात ते ज्ञान वकिलाच्या अहवालाइतकेच मोलाचे आहे. त्यानंतर मी सामाजिक कार्याचा परिच्छेद काढून वाचला.

त्यात लिहिले होते की तो विडी कामगार महिलांचे घरकुलाचे अर्ज विनामूल्य भरून देत असे. असली वाक्ये तपासल्याशिवाय मानू नयेत. कुंभारीजवळच्या रे नगरच्या, कामगारांसाठीच्या तीस हजार घरांच्या योजनेतील पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले, आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नणंदेला तेथे घर मिळाले आहे. मावशींना विचारले. त्या म्हणाल्या, भरून दिला होता, झेरॉक्सचे पैसे तेवढे घेतले. म्हणजे वाक्य खरे आहे. झेरॉक्सचा उल्लेख माहितीपत्रकात नाही, एवढेच.

त्याच्या कार्यालयात महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे, नोंदणी प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे आणि २०२३ च्या आदेशानंतर एजंटांना जे प्रशिक्षण व परीक्षा सक्तीची झाली, तिचे प्रमाणपत्रही शेजारी आहे. ही चांगली गोष्ट आहे, तथापि वाचकांनी एक ध्यानात ठेवावे : २०१६ च्या रेरा कायद्यातील एजंटांची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. आमच्यासारख्या जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीत ती चौकट भिंतीची शोभा वाढवते, गाऱ्हाणे ऐकून घेत नाही. त्याच कायद्याच्या दहाव्या कलमानुसार एजंटाने हिशेबाची पुस्तके व्यवस्थित ठेवायची असतात. नव्या प्रकल्पांसाठी पुस्तके ठेवणाऱ्याला जुन्या फ्लॅटसाठी एक पावती फाडणे जड का जावे, हे मी त्याला विचारले आहे. तो हसला.

पैशांच्या बाबतीत त्याने एक सल्ला असा दिला की दलालीची वसुली त्यातच झाली. मी फ्लॅट दोघांच्या नावे घेणार होतो. त्याने सांगितले, "एकट्या वहिनींच्या नावे घ्या." घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास राज्यात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि त्याची दलालीही एकच टक्का होती. शुल्क करारातील किंमत आणि शासकीय बाजारमूल्य यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्यावर लागते, त्यामुळे सवलत दलालीपेक्षा थोडी जास्तच भरली. पत्नी तेव्हापासून वीजबिल आले की "माझ्या घराचे बिल भरा" म्हणते. तो खर्च मी वेगळा धरतो.

पाण्याबाबत तो खरे बोलला. उजनीपासूनच्या समांतर जलवाहिनीचे नाव घेऊन रोज पाणी येईल असे सांगणारे एजंट मला आधी भेटले होते. याने जमिनीखालच्या टाकीचे लोखंडी झाकण उचलून आत बांबू घातला, ओली खूण दाखवली आणि सांगितले की पाणी चार दिवसांआड येते, उन्हाळ्यात पाच धरा, आणि आठ फ्लॅटना ही टाकी चौथ्या दिवशी कमी पडते. पहिल्या मजल्यावरील एकाने नळाच्या लाइनला थेट मोटार जोडली आहे, हेही त्यानेच दाखवले. एवढे सांगून किमतीत काही हजार उतरवून दिले, त्यातून आम्ही गच्चीवर स्वतंत्र टाकी बसवली. एप्रिल-मेमध्ये तीच कामाला आली.

उणे बाजू आहेतच. पार्किंगविषयी तो "होऊन जातं ओ" म्हणाला होता. दुचाकीचे झाले, चारचाकीचे झाले नाही, आणि इमारतीच्या घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशन) तसा हक्क लिहिलेलाच नाही. महापालिकेच्या करआकारणीत नाव लावून देण्याचे त्याने मान्य केले होते, पण यात्रेच्या पंधरवड्यात त्याचा फोन लागत नाही आणि नंतर लागला तरी माणूस कोणाच्या ना कोणाच्या कार्यात असतो. शेवटी मीच अर्ज दिला. समाजकार्याचा हा दुसरा चेहरा आहे : ज्या ओळखींमुळे माझा फ्लॅट वाचला, त्याच ओळखींच्या लग्न-बारशांत माझे काम मागे पडले.

गेल्या आठवड्यात त्याने व्हॉट्सअॅपवर पावतीचा फोटो पाठवला. तारीख चुकली आहे, माझ्या आडनावात काना जास्त आहे, आणि रक्कम अंकांत आहे, अक्षरांत नाही. मी ती परत केली असून दुरुस्त करून सहीशिक्क्यानिशी मूळ प्रत मागितली आहे.

पत्नीच्या माहेरचे शेळगीतील घर आता विकायचे आहे आणि चार मेव्हण्यांनी एजंट कोण, असे मला विचारले. मी याचेच नाव दिले. या खेपेला दलाली किती, ती कधी द्यायची, करआकारणीतील नोंद कोणी करून द्यायची आणि पावती किती दिवसांत मिळेल, हे साध्या कागदावर आधी लिहून घेतले आहे. वारसांची यादी मात्र आम्ही दिलीच नाही. ती त्याने स्वतःच सांगितली, आणि त्यात आम्हाला ठाऊक नसलेली पुण्याची एक चुलत आत्या निघाली.