ऐरोलीतली सिस्टिम ॲडमिनची नोकरी की उलव्याच्या एअरपोर्टवर एल-वन सपोर्ट?

आत्ता ऐरोलीत सिनियर सिस्टिम ॲडमिन आहे, वर्षाला 14 लाख, ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून पटकन पोचतो, काम हातात बसलंय. नवी ऑफर उलव्याच्या नवी मुंबई एअरपोर्टवर एल-वन सपोर्टची, म्हणजे बिघाड झाला की सगळ्यात आधी धावणारी पहिली पातळी, साडेआठ लाख, तीन शिफ्ट, म्हणजे पदात सरळ दोन पायऱ्या खाली.

पण कामात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इथे सर्व्हर पडला की तिकीट उघडतं, तिथे बोर्डिंग पासचा प्रिंटर अडला की डोळ्यासमोर लाईन लागते. एकच काउंटर वेगवेगळ्या एअरलाइन वापरतात त्यामुळे कॉमन यूज सिस्टिम, फ्लाइटचे डिस्प्ले, बॅगांचे टॅग सगळं एकमेकांत गुंतलेलं, आणि हे बाहेर बसून शिकता येत नाही कारण पडताळणी होऊन एंट्री पास मिळाल्याशिवाय आत पाऊलच ठेवता येत नाही. 25 डिसेंबर 2025 ला तिथून फ्लाइट सुरू झाल्या, अजून सगळं नवं आहे, आत्ता शिरलो तर सोबत वाढता येईल.

पैशात ऐरोलीच भारी, त्यात वाद नाही. हप्ता 31 हजार आहे, बायको म्हणाली दोन वर्षं ओढू आपण. नाइट शिफ्टला आई घरी एकटी नको, एवढंच खटकतंय.

मी उलव्याकडे झुकलोय, फक्त वर्षभराने एल-टूसाठी, म्हणजे वरच्या पातळीसाठी, रिव्ह्यू होईल हे ऑफर लेटरमध्येच लिहून घेणार, तोंडी नको.