‘मी’ की ‘वज्राघात’?

‘पण लक्षात कोण घेतो’ वाचून भारावलेल्या भाचीने विचारलं, आता हरिभाऊंचं काय वाचू? ह. ना. आपटे म्हटलं की आपली गाडी त्या कादंबरीच्या नायिकेपाशी, यमूपाशीच थांबते. बाजूला पडलेल्या या दोन कादंबऱ्यांवर तो अन्यायच आहे.

विषय: ‘मी’ ही भावानंदाची आत्मकथा, हरिभाऊंच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली. घरसंसाराऐवजी लोकसेवा निवडणारा तरुण तिच्यात आहे. ‘वज्राघात’मध्ये विजयनगरचा रामराजा, त्याची प्रेयसी मेहेरजान आणि १५६५च्या तालिकोटच्या लढाईकडे ओढलं जाणारं राज्य.

चिकाटी: पाल्हाळ दोन्हींत आहे. ‘वज्राघात’मध्ये कारस्थानं पुढे खेचतात. ‘मी’चा उत्तरार्ध विचारांनी जड होतो. पण त्यातलं भाऊ (म्हणजे भावानंद) आणि त्याच्या ताईचं नातं! ताईचं सोसणं भाऊच्या नजरेतून दिसतं, आणि त्यातूनच त्याची मतं घडतात. एवढ्यासाठी मी पन्नास कंटाळवाणी पानं आनंदाने वाचेन.

खर्च: दोन्ही प्रताधिकारमुक्त.

यमूसाठी जीव तुटला असेल, तर ‘मी’ घ्या. गोष्टीची ओढ हवी असेल, तर ‘वज्राघात’. फक्त तिला इतिहास समजू नका. भाचीला मी ‘मी’च दिली.