वाळवीच्या नावाखाली घरातून १९ फळ्या गेल्या

गिरगावात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. इमारत जुनी, लाकडी तुळयांची. घरातली जमीन म्हणजे त्या तुळयांवर ठोकलेल्या बर्मा टीकच्या, म्हणजे म्यानमारच्या सागाच्या, रुंद फळ्या. गेल्या मार्चमध्ये ती घासून पॉलिश करायला दिली आणि आम्ही पुरते फसलो. गिरगाव, दादर, लालबागकडे अशी घरं अजून आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

कंत्राटदार ओळखीतूनच आला होता, बोलायला गोड. ३५० चौरस फूट, फुटाला २२० रुपये, म्हणजे ७७ हजार. मशीनवर घासकाम आणि वर हार्डनरवाल्या पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात, असं ठरलं. बिल मागितलं तर म्हणाला, "ताई, बिल घेतलंत तर वर जीएसटी लागेल, उगाच कशाला?" मी तयार झाले. ते नडलं.

दुसऱ्या दिवशी तो हातोडी घेऊन फळ्या वाजवत फिरला. "काका, ऐका हं. इथे भरीव, इथे पोकळ. आतून वाळवीने खाल्लंय." बाबांनी खाली बसून कान दिला. आवाज खरंच वेगळा येत होता. आता कळतं की तो येणारच! फळी तुळईवर टेकलेली असते तिथे ठोकलं की भरीव वाजतं, दोन तुळयांच्या मधे ठोकलं की पोकळ, कारण खाली पोकळीच असते. धडधाकट फळीही तशीच वाजते. वाळवी बघायची तर टोच्या दाबून बघायचा, खाल्लेल्या लाकडात तो सहज आत जातो. मातीच्या वाटा शोधायच्या. आणि जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंडच लावत नाही. यातलं एकही त्याने करून दाखवलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

१९ फळ्या 'गेलेल्या' ठरल्या. बदली फळीचे २,२०० प्रमाणे ४१,८०० रुपये वेगळे. काढलेल्या फळ्या त्याच संध्याकाळी टेम्पोत चढल्या. "घरात ठेवल्या तर वाळवी पसरेल ताई, मी नेऊन जाळून टाकतो," असं म्हणाला. जाळतंय कोण! म्यानमारने २०१४ साली सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यामुळे जुन्या इमारतींतून निघालेलं वाळलेलं बर्मा टीक हा चांगल्या किमतीचा माल आहे. म्हणजे आमचाच माल त्याने नेला, आणि नेण्याचे पैसेही आमच्याकडूनच घेतले.

पॉलिशचंही तेच. हार्डनरवालं पीयू दोन डब्यांत येतं. बेस आणि हार्डनर एकत्र केले की काही तासांत संपवावं लागतं, नाहीतर डब्यातच घट्ट होतं. याच्या माणसांनी एकच डबा उघडला, संध्याकाळी झाकण लावलं आणि सकाळी त्यातूनच पुढचा हात मारला. हे मी स्वतः पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ समजला नाही.

जुलैत पाऊस लागला आणि नव्या फळ्यांच्या कडा उचलल्या गेल्या. त्यांवरून अनवाणी चालताना पायाला धार लागायची. एका रात्री बाबांनी पाण्याचा तांब्या पलंगाजवळ ठेवला, तर सकाळी तिथे तांब्याच्या बुडाएवढं पांढरं वर्तुळ. मग आमच्या माहितीतल्या एका वयस्कर सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी चिंधीवर थिनर घेऊन कोपऱ्यात चोळलं, तर पॉलिश चिकट होऊन चिंधीवर आलं. "हे साधं लॅकर आहे, पीयू असं सुटत नाही," ते म्हणाले. नव्या फळीवर त्यांनी रंधा एकदाच फिरवला. तपकिरी रंगाखालून पांढरट, कच्चं लाकूड निघालं. मग कपाटाखालच्या जुन्या फळीची कड खरवडली आणि ढलपी माझ्या हातात दिली. सोनेरी तपकिरी, बोटांना किंचित तेलकट, चामड्यासारखा वास. इतकी वर्षं त्या फळ्यांवर वावरले, पण तो वास मी पहिल्यांदाच घेतला. बाबा काही बोलले नाहीत, उठून गॅलरीत गेले.

कंत्राटदार फोन उचलत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तेव्हा तीही तयारी चालू आहे. बिल नसल्यामुळे पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी जमवते आहे.

तुमच्याकडे असं काम निघालं तर काढलेली प्रत्येक फळी, कितीही खराब सांगितली तरी, आधी स्वतःच्या गॅलरीत ठेवून घ्या आणि दुसऱ्या सुताराला दाखवा. आमच्याकडे त्या १९ फळ्यांचा पुरावा म्हणून एकच फोटो सापडला, कामाच्या आधीच्या गणपतीतला. भाची रांगोळी काढते आहे आणि तिच्या गुडघ्याखाली त्या फळ्या स्वच्छ दिसतात, एकही भोक नसलेल्या.