जुनी झेन की सँट्रो झिंग?

शहरात फिरवायला जुनी गाडी बघताय आणि या दोघींत अडलंय, तर माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे आधी झेन होती, गेली काही वर्षं सँट्रो झिंग आहे. झेन म्हणजे 1993 ते 2006 ची गोल बांध्याची. नंतर आलेली झेन एस्टिलो नव्हे, ती वेगळीच गाडी.

चालवण्याच्या आनंदाचं म्हणाल तर झेनला तोड नाही. 993 सीसीचं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन आणि अंगानं हलकी. कात्रजच्या जुन्या घाटात वळणाला अशी रस्ता धरून जायची की घरी परतावंसं वाटायचं नाही. झिंग 1086 सीसीची, पण उंच. ताम्हिणीत मागे बसलेल्यांना ती जरा कलल्यासारखी वाटते. एसी लावून चौघं बसल्यावर मात्र चढावर झिंग कमी दमते, असं माझं मत. पेट्रोल मी काटेकोर मोजलं नाही. महिन्याचा खर्च साधारण सारखाच वाटला.

माझा निर्णय झाला तो आईच्या गुडघ्यांमुळे. झेनची सीट खाली. आई आधी पाठमोरी टेकायची, मग एकेक पाय हातानं उचलून आत घ्यायची. उतरताना एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि मागचे हॉर्न वाजवत उभे. लक्ष्मी रस्त्यावर हे दोनदा झालं की ती म्हणायची, "मी घरीच थांबते, तुम्ही जाऊन या." ते मला फार लागायचं. झिंग जवळपास वीतभर उंच आहे. खुर्चीवर बसावं तशी आई बसते आणि तशीच उठते.

सुटे भाग नाना पेठेत दोन्हींचे मिळतात. पण 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो, आणि शेवटची झेनसुद्धा ती मर्यादा कधीच ओलांडून गेली. झिंग 2014 पर्यंत बनत होती, त्यामुळे शेवटच्या वर्षांतली मिळाली तर थोडा अवधी हाताशी राहतो.

एकट्यानं चालवणार असाल आणि चांगली राखलेली झेन मिळाली, तर मी अडवणार नाही. घरात वडीलधारी माणसं असतील तर झिंग बघा, असं सुचवेन. गाडी बघायला त्यांनाही न्या, आणि ती उंच फुटपाथला लावून त्यांना त्या बाजूनं एकदा उतरायला सांगा.