फराळाच्या डब्यावर गणपती छापावा की नुसते दुकानाचे नाव?

नवरात्र बसण्यापूर्वी दिवाळीच्या डब्यांची ऑर्डर छापखान्यात गेली नाही, तर डबे वेळेवर हाती येत नाहीत, हे फराळाच्या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको. अवघड असतो तो त्याआधीचा निर्णय, आणि इंदूरमध्ये नव्याने दुकान थाटणाऱ्या दोन-तीन मराठी मंडळींनी अलीकडे मला तोच विचारला: डब्यावर देवाचे चित्र असावे की नुसते दुकानाचे नाव? मी नऊ दिवाळ्या गणपतीचे डबे वापरले आणि गेल्या तीन दिवाळ्या नुसत्या नावाचे वापरतो आहे, म्हणून दोन्हींविषयी अनुभवाने लिहितो.

गणपतीच्या डब्याची बाजू मुळीच लंगडी नाही. इथल्या खजराना गणेश मंदिरात दर्शन घेऊन परतणारे गिऱ्हाईक मोदकांचा डबा हाती घेते, तेव्हा चित्र पाहून त्याचा हात आपोआप कपाळाकडे जातो, आणि ज्याचा आधी नैवेद्य दाखवायचा आहे ते अशाच डब्यातून न्यावे, असे त्याला मनापासून वाटते. माझ्या वडिलांनी ते चित्र निवडले ते खप वाढावा म्हणून नव्हे. गल्ल्यामागच्या तसबिरीला हार घातल्याशिवाय ते पहिला व्यवहार करीत नसत, आणि तीच तसबीर त्यांनी डब्यावर उतरवून घेतली. ही रीतही आजची नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवांची रंगीत चित्रे घरोघरी भिंतींवर लागली. त्या काळात विलायती कापडाच्या ताग्यांवर आणि परदेशी काडेपेट्यांवरही आपलेच देव छापून येत होते. त्यामुळे डब्यावर देव छापणाऱ्याला कोणी संधिसाधू म्हणावे, असे मला वाटत नाही.

पण भिंतीवरचे चित्र वर्षभर राहते, आणि फराळाचा डबा भाऊबीज उलटली की रिकामा होतो. त्या रिकाम्या डब्याचे काय करायचे, हा पेच आपण गिऱ्हाइकाच्या पदरात टाकतो. इंदूरसारख्या शहरात तो अधिकच जाणवतो. २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिल्या आलेल्या या गावात ओला, सुका, प्लास्टिक असा कचरा घरातच वेगळा होतो आणि सकाळी गाडी आली की ज्याच्या-त्याच्या खणात पडतो, म्हणजे आपण काय टाकत आहोत हे प्रत्येकाला रोज डोळ्यांनी पाहावे लागते. चकलीचे तेल पुठ्ठ्यातून झिरपून सोंडेवर पिवळा डाग पडलेला गणपती सुक्या कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. एकदा आमच्याच गल्लीत गाडीवरच्या मुलाने असा डबा ढिगातून बाजूला काढला, बाहीने पुसला आणि चालकासमोरच्या काचेशी नीट टेकवून ठेवला. डबा माझ्याच दुकानाचा होता.

त्याच आठवड्यात लोकमान्य नगरातल्या एक काकू दुकानात आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी एक गठ्ठा काढला. सगळे डबे उलगडून सपाट केलेले, वर-खाली वर्तमानपत्र, सुतळीची गाठ. मोजले तर अकरा निघाले. “विसर्जन करावे तर पुठ्ठा आहे, टाकावे तर देव आहेत. आता तुम्हीच ठेवा,” असे म्हणून त्यांनी तो गल्ल्यावर ठेवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मला ते अधिक लागले. पुढे पाऊस सुरू झाल्यावर चौकातल्या पिंपळाच्या पाराशी, भंगलेल्या तसबिरींच्या शेजारी, आमचे डबे भिजून पडलेले दिसले, आणि त्यांवर गणपतीखाली आमचे नाव व फोन नंबर स्पष्ट वाचता येत होता. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

नुसत्या नावाच्या डब्यात उणे काहीच नाही, असे मात्र नाही. पहिल्या दिवाळीत जुन्या गिऱ्हाइकांनी “यंदा बाप्पा का नाहीत?” असे विचारले आणि दर वेळी समजावून सांगावे लागले. चित्राचा आधार गेला की अक्षर आणि रंग यांवर अधिक पैसे घालावे लागतात, नाहीतर डबा कपड्यांच्या दुकानातला वाटतो. विक्रीचा काटेकोर हिशेब मी मांडलेला नाही, पण दिवाळीच्या आठवड्यात माल पूर्वीसारखाच संपतो, आणि शेजारच्या बोहरा कुटुंबांकडून लग्नाच्या श्रीखंडाची मागणी आता न बिचकता येते. नावाचा विचार करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार धार्मिक भावना दुखावू शकेल असे चिन्ह नोंदवता येत नाही, आणि २०१५ मध्ये ‘रामायण’ नावाच्या अगरबत्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाला आपल्या मालासाठी हक्क सांगता येणार नाही, असे ठरवले. देवाधर्माच्या नावावर उभारलेली ओळख आपल्या एकट्याचीच राहील, असे गृहीत धरू नये.

धर्माशी संबंधित एक मजकूर मात्र मी डब्यावर आवर्जून ठेवला आहे, आणि तो म्हणजे ‘उपवासाचे’. त्या शब्दामुळे मला वेगळी कढई, शेंगदाण्याचे तेल आणि सैंधव सांभाळावे लागते. गिऱ्हाईक तो शब्द वाचून एकादशीला निर्धास्तपणे खाते, आणि माझ्याकडून चूक झाली तर ती मला पकडून विचारता येते. देवाच्या चित्रामुळे दुकानदारावर असे कोणतेच बंधन येत नाही.

ज्यांचा बहुतेक माल पूजेचा किंवा मंदिराच्या दारातला आहे, त्यांना कदाचित चित्रच सोयीचे पडेल. तिथल्या गिऱ्हाइकाची अपेक्षाही तशीच असते. घरोघरी फराळ पोहोचवणाऱ्याने मात्र आधी दोनशे साधे डबे छापून पाहावेत, असे मी सुचवेन. वडिलांचा गणपती मला सोडवत नव्हता, म्हणून गेल्या दोन वर्षांपासून गणेशोत्सवात तळहाताएवढे वेगळे कार्ड छापून घेतो आणि ते तेल लागू नये म्हणून डब्यात न घालता बिलाबरोबर हातात देतो. त्यावर दुकानाचे नाव नाही. त्या काकूंनी त्यांचे कार्ड पोथीत खूण म्हणून ठेवले आहे, आणि रिकामे डबे परत आणून देणे बंद केले आहे.