वडिलांच्या स्मृतिपुस्तिकेचे काम: नौपाड्यातील फोटो स्टुडिओचा अनुभव

वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त आम्ही ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या फोटो स्टुडिओकडून त्यांची चाळीस पानांची स्मृतिपुस्तिका करून घेतली. जुनी छायाचित्रे, निगेटिव्ह आणि हस्तलिखित कागद स्कॅन करणे, डाग काढणे, पानांची मांडणी, छपाई आणि बांधणी हे सारे तेथे एकाच ठिकाणी होते. चार प्रतींचे मिळून साडेअकरा हजार रुपये झाले.

वडील बत्तीस वर्षे एका औषध कंपनीचे विक्री प्रतिनिधी होते आणि भिवंडी, शहापूर, मुरबाड हा भाग त्यांनी एसटीने पालथा घातला होता. त्यांच्या रोजच्या भेटींच्या वह्या स्टुडिओने फार निगुतीने स्कॅन केल्या. मात्र पहिल्या मांडणीत समास कापले गेले होते. त्या समासांतच ‘पुढच्या खेपेस येणे बाकीचा विषय काढू नये, घरी आजारपण’ अशा त्यांच्या नोंदी होत्या, आणि त्या वगळून त्यांच्या नोकरीचे चित्र पुरे झालेच नसते. सांगताच ती पाने कुरकूर न करता पुन्हा लावून मिळाली.

त्याआधी, महाविद्यालयीन वयात, ते स्पर्धांत पोहत. सरावासाठी पहाटेच्या लोकलने दादरला, शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी जलतरण तलावावर जात. आमच्या बैठकीच्या खोलीत त्यांचे पाण्यात सूर मारतानाचे एकच छायाचित्र वर्षानुवर्षे टांगलेले होते. मूळ निगेटिव्ह मोठ्या आकारात स्कॅन केल्यावर स्टुडिओतील कारागिराने मला बोलावून घेतले. कडेची अक्षरे सुलट वाचता येतील अशी निगेटिव्ह धरली की चित्रही सुलट दिसते, हे त्यांनी समजावले आणि घरातील प्रत उलट्या बाजूने छापली गेल्याचे दाखवून दिले. सुलट केलेल्या चित्रात उडीच्या ओट्यावरचा पुसट आकडा स्पष्ट झाला: 4.

त्या दिवशी तलावावर हजर असलेल्या काकांना मी तो दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आठ मार्गिकांच्या तलावात प्राथमिक फेरीतील सर्वांत वेगवान जलतरणपटूला अंतिम फेरीसाठी चौथी मार्गिका देतात. वडील त्या शर्यतीविषयी ‘तिसरा आलो’ एवढेच सांगत. दिवसभर दहा दवाखान्यांत औषधांचे गुण सांगणाऱ्या या माणसाने अंतिम फेरीत आपण सर्वांच्या पुढून उतरलो होतो, हे आम्हाला कधीच सांगितले नव्हते.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. उतारवयातील छायाचित्रांत चेहऱ्यावरच्या सुरकुत्या न विचारता पुसल्या गेल्या होत्या आणि वडील अनोळखी दिसू लागले होते. त्या परत आणायला दोन फेऱ्या झाल्या. दहा दिवसांचे काम सतरा दिवसांवर गेल्याने श्राद्धाच्या दिवशी पुस्तिका हाती नव्हती, याचे वाईट वाटते, म्हणून तिथीच्या निदान महिनाभर आधी काम द्यावे. घरात निगेटिव्ह असतील तर छापील प्रतींऐवजी तीच न्यावीत. आमची त्यांनी नव्या पाकिटांत, क्रमांक घालून परत केली. बैठकीच्या खोलीतील चौकटीत आता सुलट छापलेली प्रत आहे.